डायलिसिसच्या खुर्चीवरून

माझ्या दोन्ही किडन्या आता काम करत नाहीत. आठवड्यातून तीनदा मी डायलिसिसला जाते, दर वेळी चार तास खुर्चीला खिळून असते, आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला तर तो सबंध दिवस त्यातच जातो. आजाराआधी मंडळीत मी बरीच वर्षं संडे स्कूल घेतलं, गायनवृंदात गायले, आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या भगिनींबरोबर घरोघरी फिरले. मग एकेक सुटत गेलं. तेव्हा एक प्रश्न मनात घर करून बसला: आता प्रभूसाठी माझ्या हातून काय होणार? ख्रिस्तातला आनंद आणि आशा आपल्या जगण्यातून दिसली पाहिजे, असं आपण उपासनेत ऐकतो, म्हणतो. पण चार पायऱ्या चढल्या तरी ज्याला धाप लागते, त्याने ती दाखवायची कुठे आणि कशी?

उत्तर त्या खुर्चीवरच मिळत गेलं. साक्ष द्यायला धडधाकट शरीर आणि समोर माईक लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी थोडं उपचाराबद्दल. हाताची एक शीर शस्त्रक्रिया करून धमनीला जोडतात, तिला फिस्टुला म्हणतात. ती शीर हळूहळू जाड होते आणि मग दर वेळी तिच्यात दोन सुया घालतात. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून स्वच्छ होऊन परत येतं. मिनिटाला साधारण 300 मिलिलिटर रक्त असं फिरत असतं. अंगात साठलेलं पाणीही मशीन काढून घेतं, म्हणून गेल्या गेल्या वजन करायचं आणि 'ड्राय वेट'पेक्षा, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, किती वाढलंय ते बघायचं. पाणी दिवसभर मोजूनमापून प्यावं लागतं. सुयांची सवय होते, तहानेची मात्र होत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी पेल्यातला तो घोट जिभेवर येतो तेव्हा वधस्तंभावर 'मला तहान लागली आहे' म्हणणारा प्रभू मला पूर्वीपेक्षा फार जवळचा वाटतो.

फिस्टुला चालू आहे ना, हे रोज बोटं ठेवून बघायचं असतं. कातडीखाली बारीक थरथर लागते. ती थांबली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच मी उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवते. थरथर लागली की प्रभूचे आभार मानते, एकाच वाक्यात. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात, सगळं नगर उद्ध्वस्त झालेलं असताना, लिहिणारा म्हणतो की देवाची दया रोज सकाळी नवी होते. हे वचन मला लहानपणापासून पाठ होतं. आता ते बोटांना कळतं.

हे मशीन आलं कुठून, याची गोष्टही मी शोधून वाचली. विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरने 1943 मध्ये ते पहिल्यांदा माणसावर वापरलं. नेदरलँड्स तेव्हा जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं आणि कशाचाच पुरवठा धड होत नव्हता. त्याने सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात ते सेलोफेन घेऊन रक्त गाळण्याची नळी केली. सुरुवातीचे रुग्ण जवळजवळ सगळे दगावले. तरी तो थांबला नाही, आणि 1945 मध्ये त्या मशीनने एका वयस्कर बाईचा जीव वाचला. फिस्टुलाची पद्धत त्यानंतर वीसेक वर्षांनी, 1966 मध्ये आली. कुणाकुणाच्या चिकाटीवर माझा आजचा दिवस उभा आहे, हे कळल्यापासून मशीन लावणाऱ्या मुलाला नुसतं 'थँक्यू' म्हणून भागत नाही. त्याचं नाव घेऊन, त्याच्याकडे बघून म्हणावंसं वाटतं. देवाच्या कृपेचे हात कुणाचेही असू शकतात.

खुर्चीवर बसायला लागले तेव्हा एक गोष्ट अगदी पहिल्यांदा ठरवली: इथे कुणाला उपदेश करायचा नाही. शेजारचा माणूस सुईने मशीनला बांधलेला असतो. माझं बोलणं नको असलं तरी त्याला उठून जाता येत नाही. अशा माणसाला शुभवर्तमान ऐकवणं म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे आणि त्यावर काही जणांनी माझ्याशी वादही घातला. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलं आहे की तुमच्या आशेबद्दल जो कोणी विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, आणि ते सौम्यतेने द्या. ते पत्र छळ सोसणाऱ्या लोकांना लिहिलेलं आहे. म्हणजे आधी दुसऱ्याने काहीतरी बघायचं, मग त्याला विचारावंसं वाटायचं, आणि त्यानंतर आपण बोलायचं. माझ्या वाट्याला जगण्याचं काम आलं होतं. विचारायचं की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं.

आता, बघण्यासारखं तिथे काय असतं? खरं सांगायचं तर फार बारीकसारीक गोष्टी. मशीनचा अलार्म मध्येच वाजायला लागतो, सिस्टर दुसऱ्या कोपऱ्यात अडकलेल्या असतात, रुग्ण घाबरून ओरडतात. कुणाला आधी लावलं यावरून भांडणं होतात, कारण आधी लावलं तर आधी सुटका. फरशी पुसणाऱ्या मावशींशी कुणी बोलत नाही. या सगळ्यात मी काय करते तेच माझ्या विश्वासाबद्दल बोलत असतं. ज्याला घरी जायची माझ्यापेक्षा जास्त घाई आहे त्याला 'तुम्ही आधी घ्या' म्हणणं. मावशींच्या मुलीची परीक्षा कशी गेली ते लक्षात ठेवून विचारणं. सुई पहिल्या खेपेला नीट बसली नाही तर नव्या सिस्टरचा हात थरथरतो. तेव्हा 'होतं असं, सावकाश घाला' म्हणणं. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची यादी आहे, तिच्यात प्रीतीच्या लगेच नंतर आनंद येतो आणि मग शांती, सहनशीलता, ममता. हे एकाच फळाचे भाग आहेत. शेजाऱ्यावर खेकसणाऱ्या माणसाच्या आनंदावर कोण विश्वास ठेवेल?

प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय मी त्या खुर्चीवर इतक्या वेळा वाचला आहे की पुस्तक तिथेच उघडतं. फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना फटके मारून आतल्या बंदिखान्यात टाकलेलं आहे, पाय खोड्यात अडकवलेले आहेत. मध्यरात्री ते प्रार्थना करताहेत, गाताहेत, आणि हे पुस्तक लिहिणारा लूक एक छोटंसं वाक्य टाकतो: बाकीचे बंदिवान ऐकत होते. पौलाने त्यांना ऐका म्हटलं नव्हतं. तो देवासाठी गात होता आणि भिंतीपलीकडची माणसं ऐकत होती. पुढे भूकंप होतो, दारं उघडतात, कैदी पळाले असं समजून बंदिशाळेचा नायक तलवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघतो. तेव्हा पौल मोठ्याने ओरडतो की स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. ज्याने आपले पाय खोड्यात घातले त्याचा जीव वाचावा, याची ही तळमळ. 'तारण व्हावं म्हणून मी काय करू' हे तो नायक त्यानंतर विचारतो. गाणं सगळ्यांनी ऐकलं होतं, पण त्या माणसाचा प्रश्न बाहेर आला तो कुणीतरी त्याच्या जिवाची पर्वा केल्यावर. आनंद आणि माणसाची काळजी यांची फारकत करता येत नाही, हे मला या अध्यायाने शिकवलं.

मलाही खुर्चीवर गुणगुणायची सवय आहे. मोठ्याने नाही, शेजारी झोपलेले असतात. पायात गोळे येतात तेव्हा तर गाण्याशिवाय दुसरा उपाय सुचत नाही. पोटरी दगडासारखी घट्ट होते, सिस्टर येऊन पाय दाबेपर्यंत मी एखादं कडवं धरून ठेवते.

पण सगळे दिवस गाण्याचे नसतात, आणि हे लिहिताना तेही सांगायलाच हवं. बीपी एकदम खाली जातं, डोळ्यांपुढे अंधार येतो, उलट्या होतात. घरी येऊन मी दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाशी बोलत नाही असंही होतं. मला भेटायला येणाऱ्या काही विश्वासणाऱ्यांचं म्हणणं असतं की ख्रिस्ती माणसाने रडू नये, चेहरा नेहमी हसरा ठेवावा, नाहीतर साक्ष बिघडते. त्यांचा हेतू चांगला असतो, पण हे पवित्र शास्त्राला धरून नाही. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला 'कोठवर?' असं चार वेळा विचारतो, आणि त्याच स्तोत्राच्या शेवटी गातो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते स्तोत्रांच्या पुस्तकात आहे. लाजराच्या कबरेकडे जाताना प्रभू येशू रडला, आणि तोही काही वेळातच त्याला उठवणार होता. फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र घ्या. चार अध्यायांचं छोटं पत्र, पौल स्वतः बेड्यांत, आणि आनंद पुन्हा पुन्हा येतो. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे त्यातलंच. पण त्याच पत्रात, त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला तेव्हा पौल म्हणतो की देवाने माझ्यावर दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. ज्याने आनंद करा म्हटलं त्यालाच मित्र गमावण्याची ही धास्ती होती आणि त्याने ती लिहून ठेवली.

म्हणून कुणी 'कशा आहात?' म्हटलं तर मी खरं सांगते. 'आज फार वाईट वाटतंय, पण प्रभू सोडणार नाही एवढं माहीत आहे.' हे वाक्य ऐकून समोरचा माणूस कधी दुरावला नाही. उलट आपलंही खरं सांगायला लागला. खोटं हसू दाखवलं असतं तर त्याला वाटलं असतं की या बाईचा देव फक्त बऱ्या दिवसांचा आहे.

एकदा एक तरुण मुलगी आली. नुकतंच लग्न झालेलं. पहिला दिवस होता. फिस्टुला तयार झाला नव्हता म्हणून मानेत नळी घातलेली. नवरा बाहेर फॉर्म भरत होता आणि ती मशीनच्या नळ्यांतून वाहणाऱ्या स्वतःच्या रक्ताकडे टक लावून बघत होती. हुंदके दाबत होती. मी सिस्टरना विचारून माझी खुर्ची तिच्याकडे वळवून घेतली. तिला म्हटलं, 'नळ्यांकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. पहिला दिवस सगळ्यात कठीण असतो.' मग तिला त्या वेळी उपयोगाचं होतं तेवढंच सांगितलं: थंडी वाजते म्हणून शाल आणायची, चक्कर आल्यासारखं वाटलं तर गप्प न राहता लगेच सांगायचं, घरी गेल्यावर थकवा येईल त्याला घाबरायचं नाही. प्रभूचं नाव मी काढलं नाही. मनात मात्र चार तास तिच्यासाठी प्रार्थना चालू होती. जाताना ती म्हणाली, 'ताई, पुढच्या वेळी तुम्ही असाल ना?' मी म्हटलं, 'असेन.' पुढच्या वेळी मला ताप होता, पण दिलेला शब्द होता आणि डायलिसिसही चुकवता येत नव्हतंच. गेले. ती दारातच बघत उभी होती. देव आपल्याबरोबर आहे असं आपण म्हणतो ना, त्याची थोडीशी चव दुसऱ्याला आपल्या 'असण्या'तून मिळते, असं मला तेव्हापासून वाटतं.

विचारणारेही भेटले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक काका असतात, निवृत्त, बोलण्याला तिखट, देवाधर्मावर फारसा विश्वास नसलेले. कितीतरी दिवस त्यांनी मला वाचताना, गुणगुणताना बघितलं होतं. एके दिवशी मशीन सुरू झाल्यावर थेट म्हणाले, 'ताई, एक विचारू? रागावू नका. तुमचं नाव किडनीच्या यादीत आहे, त्या आशेवर तुम्ही एवढ्या खुशीत असता का? समजा नाही मिळाली, तर?'

मी लगेच बोलले नाही. यादीत नाव आहे हे खरं, आणि किडनी मिळावी अशी माझी इच्छाही आहे. ती मी प्रभूपुढे रोज ठेवते. पण माझी आशा यादीवर नाही. मी म्हटलं, 'काका, नाही मिळाली तर मला वाईट वाटेल. रडेन. पण माझा प्रभू मरण सोसून कबरेतून उठला यावर माझा भरवसा आहे, आणि त्याने मलाही उठवायचं वचन दिलंय. या शरीराचं काय व्हायचं ते होवो, शेवटचा शब्द त्याचा असणार. म्हणून आजचा दिवस मला घाबरत काढावा लागत नाही.' एवढंच. चार-पाच वाक्यं. काका बराच वेळ छताकडे बघत राहिले, मग म्हणाले, 'मला पटत नाही. पण तुम्ही खोटं बोलत नाही एवढं दिसतंय.' मला ते उत्तर पुरलं. पटवणं माझं काम नाही, ते पवित्र आत्म्याचं. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की जे दिसतं त्याची कुणी आशा धरत नाही. न दिसणाऱ्याची आशा धरणारा धीराने वाट बघतो. वाट बघणं तर डायलिसिसवाल्याला शिकवावं लागत नाही.

सगळ्यात अवघड प्रसंग खुर्ची रिकामी होण्याचे. एखादा माणूस सोमवारी हसून जातो आणि बुधवारी त्याच्या जागी दुसरं कुणी बसलेलं असतं. हॉलमध्ये कुणी काही बोलत नाही, प्रत्येकाला आपली पाळी दिसत असते. आमच्यातले एक गृहस्थ असे गेले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोशी माझी ओळख बाहेरच्या बाकड्यावरची, डबे आणि औषधांच्या चिठ्ठ्या सांभाळत बसणाऱ्या बायकांतली. वाटेत अनेक वचनं मनात येत होती. थेस्सलनीकाकरांस पौल लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका असं त्याने म्हटलेलं नाही, हे मी स्वतःला बजावत गेले. तिथे पोचल्यावर तिच्याजवळ बसले, तिने माझ्या हातावरचे सुयांचे डाग बघितले आणि ते कुरवाळत रडायला लागली, कारण त्यांच्या हातावरही तसेच होते. मीही रडले. वचन एकही बोलले नाही. रडणाऱ्यांबरोबर रडा, हेही वचनच आहे आणि त्या दिवशी ते पाळायचं होतं.

काही आठवड्यांनी तिचाच फोन आला. म्हणाली, 'तुम्ही त्या दिवशी काही समजावलं नाहीत, म्हणून तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्ही प्रार्थना करता ना? माझ्यासाठी कराल?' फोनवरच केली. तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन, तिच्या रिकाम्या संध्याकाळींचा उल्लेख करून, साध्या शब्दांत. आता ती अधूनमधून फोन करते. कधी प्रार्थनेसाठी, कधी नुसती गप्पा मारायला.

घरच्यांविषयी थोडं लिहायला हवं, कारण बाहेर सौम्य आणि घरात करवादलेली असं असेल तर वरचं सगळं फुकट. डायलिसिसनंतरची संध्याकाळ आमच्याकडे नाजूक असते. मी तेव्हा कमी बोलते आणि यजमानांना तसं आधीच सांगून ठेवलं आहे. रात्री झोपण्याआधी आम्ही दोघं दिवसातली एक तरी चांगली गोष्ट आठवून तिच्याबद्दल उपकारस्तुती करतो. कधी ती गोष्ट एवढीच असते की आज सुई एका खेपेत बसली.

मंडळीतल्या तरुणांनी मला विचारलं होतं की रोजच्या जगण्यात ख्रिस्त दाखवायला सुरुवात कुठून करायची. मी त्यांना म्हटलं, जिथे तुम्हाला पुन्हा पुन्हा जावंच लागतं आणि जावंसं वाटत नाही तिथून. तीच माणसं तिथे तुम्हाला बऱ्या आणि वाईट दिवशी बघतात. त्यांची नावं शिका. त्यांच्यासाठी नावाने प्रार्थना करा. मी एका वहीत अशी नावं लिहिते आणि मशीन चालू झालं की एकेकाचं नाव घेत जाते. चार तास पुरतात.

काकांना त्या वहीबद्दल कळलं. परवा ते म्हणाले, 'माझं नाव आहे का हो त्यात?' मी म्हटलं, 'पहिल्या पानावर आहे.' ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हनुवटीने पलीकडच्या खुर्चीकडे खूण करत म्हणाले, 'तो नवा मुलगा आलाय ना, त्याचंही घाला. फार घाबरलेला दिसतो.' मुलाचं नाव आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. सिस्टरना विचारलं आणि लिहून घेतलं.